सातपुड्याच्या पायथ्याखालील मऊ पाषाण



आपल्या वऱ्हाडांत 'दगड' हा शब्द मनुष्यास दोन कारणांनीं लावतात. ज्याला दया येत नाहीं तो दगड, आणि जो जागचा हालत नाहीं तोहि दगडच. कठीणपणा आणि अढळपणा हे दोन गुण सदैव एकत्र नांदतात अशी आपली समजूत आहे, आणि भूमीच्या पृष्ठभागावर ती खोटी नाहीं. परंतु पायांखालीं दहा-पंधरा किलोमीटर उतरून जातां आलें असतें, तर ही जोडी तेथें फुटलेली दिसली असती. तेथें अत्यंत कठीण असा ग्रॅनाइटहि न मोडतां वांकतो, ताणला जातो, मळलेल्या कणकेसारखा सरकतो. हें ज्ञान मनुष्यास कसें व केव्हां झालें, आणि अमरावती-अकोल्याच्या भूमीशीं त्याचा काय संबंध आहे, हें आज आपणांस सांगावयाचें योजिलें आहे.

प्रथम आपला डोंगर पाहूं. अचलपुराहून किंवा परतवाड्याहून उत्तरेकडे तोंड करून उभें राहिलें म्हणजे सातपुडा डोंगरासारखा न दिसतां भिंतीसारखा दिसतो. पश्चिमेस अकोटकडे गेलें तरी तीच भिंत. तिच्याच रांगेंत नरनाळा, तिच्याच रांगेंत गाविलगड. खालचें पूर्णेचें मैदान समुद्रसपाटीपासून तीनशें ते चारशें मीटर उंचीवर, आणि चिखलदऱ्याचें पठार अकराशें मीटरांच्या आसपास. इतका चढ थोडक्या अंतरांत, आणि तोहि जवळ जवळ सरळ रेषेंत! नदीनें कोरलेला कांठ असा सरळ नसतो. २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं अडगांवच्या रणांत नागपूरकर भोसल्यांची फौज मोडली आणि १५ डिसेंबरास जनरल आर्थर वेलस्लीनें गाविलगड घेतला, हें आपल्या मुलांस शिकविलें जातें. तो गड ज्या भिंतीवर उभा आहे ती भिंत केव्हां व कशी उभी राहिली, हें मात्र त्यांस कोणी विचारीत नाहीं. माझ्या मतें वऱ्हाडच्या इतिहासाचें पहिलें प्रकरण तेंच असावयास पाहिजे.

सर्वेक्षण खात्यांतील भूशास्त्रज्ञ विल्यम टॉमस ब्लॅनफर्ड यानें तापीच्या आणि खालच्या नर्मदेच्या खोऱ्यांचें भूवर्णन १८६९ सालीं प्रसिद्ध केलें. तेव्हांपासून आजपर्यंत या प्रदेशाची जी पाहणी झाली तिच्यावरून इतकें ठरलें आहे कीं, सातपुड्याच्या या भिंतीच्या पायथ्याशीं भूमीस एक प्रचंड चीर गेलेली आहे. चिरेच्या उत्तरेची बाजू वर उचलली गेली आणि दक्षिणेची खालीं बसली. अशा चिरेस भूशास्त्रांत विभंग म्हणतात. हिचें नांव गाविलगड विभंग. खालीं बसलेल्या बाजूचा खळगा पूर्णेनें व तिच्या उपनद्यांनीं गाळानें भरून काढला. दर्यापूर-अकोल्याकडील खारपाणपट्ट्यांत विहीर कितीहि खोल नेली तरी काळा कातळ लागत नाहीं, हा अनुभव शेतकऱ्यांस आहेच. त्याचें कारण हा भरलेला खळगा.

आतां, आपण ज्यास काळा कातळ म्हणतों तो सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं पसरलेला लाव्हा. भूगर्भाच्या दृष्टीनें तें केवळ वरचें पांघरूण होय. त्याच्याखालीं जो खरा जुना पाया आहे, ग्रॅनाइटाचा आणि पट्टेदार नाईस खडकाचा, तो वऱ्हाडांत फारच थोड्या जागीं उघडा पडलेला आहे. मोर्शी तालुक्यांतील सालबर्डी ही त्यांपैकीं एक. महाशिवरात्रीस तेथें यात्रा भरते, म्हणून तें नांव आपणां सर्वांस ठाऊक आहे. माडू नदीच्या त्या परिसरांत जुना पाया, त्यावरचा वाळूचा खडक आणि काळा कातळ हे तिन्ही थोड्याशा टापूंत पाहावयास मिळतात. पूर्वेकडे छिंदवाड्याच्या बाजूस, कन्हान नदीच्या खोऱ्यांत, हा पाया अधिक विस्तारानें उघडा आहे, आणि गाविलगडची चीर तेथपर्यंत पोंचते. त्या ठिकाणीं ग्रॅनाइटाचें रूप पाहून मनुष्य चकित होतो. ग्रॅनाइट म्हणजे ठळक, वेडेवांकडे दाणे असलेला खडक. पण येथें त्याचे दाणे बारीक होऊन, रेशमाच्या लडीप्रमाणें लांबच लांब पट्ट्यांत ओढले गेले आहेत, आणि मधून मधून एखादा टणक दाणा डोळ्यासारखा शिल्लक राहून पट्टे त्यास वळसा घालून पुढें गेले आहेत. असा खडक कशानें होतो, या प्रश्नाचें पहिलें उत्तर दूर स्कॉटलंडांत मिळालें, आणि तें देणारा मनुष्य आरंभीं एक शाळामास्तर होता.

त्याचें नांव चार्ल्स लॅपवर्थ. १८६४ पासून अकरा वर्षें तो गॅलाशील्स या लहान गांवीं मुलांस शिकवीत होता. सुट्टीच्या दिवशीं भोंवतालच्या डोंगरांत हिंडून त्यानें भूशास्त्राचा अभ्यास केला. तो इतका कीं, १८८१ सालीं त्यास बर्मिंगहॅम येथें प्राध्यापकाची जागा मिळाली. (शिक्षकी पेशांतील माझ्या बांधवांनीं हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.) त्या काळीं स्कॉटलंडच्या वायव्य टोंकास एक मोठा वाद चालू होता. तेथें जुन्या धाटणीचे पट्टेदार खडक हे जीवाश्म असलेल्या थरांच्या वर बसलेले दिसत. सर्वेक्षण खात्याचा प्रमुख सर रॉडरिक मर्चिसन म्हणे, वर आहे तें नंतरचें, यांत शंका कसली? अॅबर्डीनचा प्राध्यापक जेम्स निकोल म्हणे, नाहीं. खालचा जुना खडक उचलून वर आणला गेला आहे. मर्चिसनच्या पाठीशीं खातें होतें, अधिकार होता. निकोलचें कोणीं ऐकलें नाहीं, आणि १८७९ सालीं तो वारला.

लॅपवर्थनें १८८२ व १८८३ च्या उन्हाळ्यांत एरिबॉल व डर्नेस या भागांत पायीं हिंडून हातभर हातभर जमीन नकाशावर उतरविली. त्यास दिसलें कीं निकोलचें म्हणणेंच मूलतः खरें आहे: जुन्या खडकाचा एक अफाट थर नव्या खडकावर कित्येक किलोमीटर सरकत आलेला आहे. या श्रमानें तो आजारी पडला. अंथरुणावर पडलेला असतां तो डोंगर आपल्या अंगावरून करकरत सरकत आहे असा त्यास भास होई, असें सांगतात. पुढच्याच वर्षीं सर्वेक्षण खात्याच्या पीच आणि हॉर्न या दोघांच्या पाहणीनेंहि तेंच सिद्ध झालें, आणि खात्याच्या प्रमुखानें आपलें मत जाहीरपणें सोडलें. सरकारी खात्यांच्या इतिहासांत असे प्रसंग विरळा!

सरकलेल्या आणि खालच्या खडकांच्या मध्यें लॅपवर्थास एक चिवट, बारीक दाण्यांचा, पट्टेदार खडक सांपडला. तो पाहून त्याच्या मनांत जात्याची कल्पना आली. वरची तळी फिरते, खालची स्थिर असते, आणि मध्यें सांपडलेल्या दाण्यांचें पीठ होतें. म्हणून ग्रीक भाषेंत गिरणीस जो शब्द आहे त्यावरून १८८५ सालीं त्यानें या खडकास 'मायलोनाइट' असें नांव दिलें. कन्हानच्या खोऱ्यांतला तो रेशमी ग्रॅनाइट हा मायलोनाइटच होय.

नांव रूढ झालें. पण त्या नांवांतली उपमा पुढें टिकली नाहीं. जात्यांत दाणा फुटतो. फुटलेल्या दाण्यांस तीक्ष्ण कोपरे असतात, आणि दाण्यादाण्यांमध्यें फटी राहतात. सूक्ष्मदर्शकाखालीं मायलोनाइटाचा पातळ काप धरला असतां त्यांत असे कोपरे व फटी क्वचितच दिसतात. उलट, नवे, बारीक, एकमेकांस घट्ट चिकटलेले दाणे जुन्या दाण्याच्या कडेनें जन्मास आलेले दिसतात. १९७३ सालीं बेल व एथरिज या भूशास्त्रज्ञांनीं हें स्पष्टपणें मांडलें: हा खडक मुख्यतः दळला गेलेला नसून घट्ट स्थितींतच वाहिलेला आहे. आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेंत बोलावयाचें तर लॅपवर्थास जें पीठ वाटलें ती वास्तविक कणीक होती.

आणि कणकेस पाणी लागतें. ही नुसती कोटी नव्हे. पुढील सारा इतिहास याच एका गोष्टीभोंवतीं फिरतो.

कठीण दगड घट्ट स्थितींत वाहूं शकतो याची प्रयोगानें खात्री प्रथम कॅनडांत झाली. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठांतील फ्रँक अॅडम्स आणि त्याचा सहकारी निकोलसन यांनीं इटलींतील करारा येथील संगमरवराचे लहान स्तंभ करून ते लोखंडाच्या नळ्यांत घट्ट बसविले, तापविले, आणि दोन्ही टोंकांकडून यंत्रानें दाबले. कांहीं प्रयोग कित्येक दिवस चालत ठेवले. १९०१ सालीं त्यांनीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. संगमरवराचा चुरा झाला नव्हता. पिंपासारखा फुगून तो आंखूड झाला होता, आणि तरीहि दगडच राहिला होता. याचें मर्म सोपें आहे. शेतांतलें वाळलें ढेकूळ दोन बोटांत धरून दाबलें तर भुगा होतो; तेंच मुठींत सर्व बाजूंनीं आवळलें तर त्यास फुटून जावयास वाटच राहत नाहीं. खोल भूगर्भांत वरच्या खडकांच्या भारामुळें प्रत्येक दाणा अशा मुठींत असतो. त्यांतच दर किलोमीटरास उष्णता वाढत जाते.

परंतु दाणा न फुटतां आकार कसा बदलतो? याचें उत्तर धातूंच्या अभ्यासांतून १९३४ सालीं आलें. टेलर, ओरोवान आणि पोलानी या तिघांनीं एकाच वर्षीं स्वतंत्रपणें तें सांगितलें. शाळेच्या संमेलनांत मोठी सतरंजी हातभर सरकवावयाची असेल तर ती एकदम ओढूं नये. चार माणसांनाहि ती हालत नाहीं. एका कडेस एक लहानशी सुरकुती पाडावी आणि ती पायानें दुसऱ्या कडेपर्यंत ढकलीत न्यावी. सतरंजी सुरकुतीपुरती सरकलेली असते. स्फटिकांतील अणूंच्या रांगांत अशाच सुरकुत्या असतात, आणि त्या एका बाजूनें दुसऱ्या बाजूस गेल्या म्हणजे स्फटिक न तुटतां सरकतो. तपमान वाढलें कीं सुरकुत्यांचें चालणें सुलभ होतें. गारगोटीचे दाणे साधारण तीनशें अंशांच्या पुढें असे वाहूं लागतात. फेल्डस्पार अधिक हट्टी, त्यास साडेचारशें-पांचशें अंश लागतात. मायलोनाइटांत जो दाणा डोळ्यासारखा शिल्लक राहतो तो बहुधा या हट्टी फेल्डस्पारचा.

येथें एक अडचण उभी राहिली. प्रयोगशाळेंत शुद्ध, कोरडी गारगोटी कांहीं केल्या वाहीना. अमेरिकेंत डेव्हिड ग्रिग्ज यानें १९३० नंतरच्या दशकापासून दगडांवर दाबाचे प्रयोग चालविले होते. कोरडी गारगोटी प्रचंड दाबास आणि उष्णतेसहि दाद देत नसे. पण डोंगरांतल्या खडकांत तर ती वाहिलेली स्पष्ट दिसते! १९६५ सालीं ग्रिग्ज आणि त्याचा सहकारी ब्लेसिक यांस उलगडा झाला. कारखान्यांत पाण्याच्या साह्यानें तयार केलेले गारगोटीचे कांहीं स्फटिक त्यांनीं दाबून पाहिले, आणि तापविल्यावर ते आश्चर्यकारक रीतीनें मऊ पडले. त्या स्फटिकांत वाढतांना पाण्याचा अत्यल्प अंश शिरलेला होता. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची जी बळकट सांखळी गारगोटीस कठीण करते, तिच्या कड्या हें पाणी ढिल्या करतें. डोळ्यास दिसणार नाहीं, हातास ओल लागणार नाहीं, इतक्या पाण्यानें पृथ्वीवरील एक अतिकठीण पदार्थ लवचीक होतो. भूशास्त्राच्या इतिहासांत याहून साधा आणि याहून दूरवर पोंचणारा शोध मला ठाऊक नाहीं.

पाण्याचें काम तेवढ्यानें संपत नाहीं. हट्टी फेल्डस्पारहि पाण्याच्या संगतीनें हळूहळू अभ्रक बनतो, आणि अभ्रकाचे पापुद्रे तर पत्त्यांच्या जोडाप्रमाणें सरकण्यासच जन्मलेले. शिवाय दाणे बारीक झाले म्हणजे त्यांच्या कडांवरून पाण्यास व अणूंस हिंडावयास अधिक वाटा मिळतात. त्यामुळें खडक आणखी मऊ होतो, आणि मऊ झाल्यामुळें तेथेंच आणखी सरकतो. पावसाळ्यांत काळ्या जमिनींतून पहिली बैलगाडी गेली म्हणजे चाकोरी पडते. मग मागून येणारी प्रत्येक गाडी त्याच चाकोरींत जाते, आणि चाकोरी खोलच होत जाते. शेजारची जमीन तितकीच मऊ असली तरी तिकडे कोणी वळत नाहीं. भूगर्भांत असेंच घडतें. एकदां खचलेला खडक नव्या ताणास पहिल्यानें वाट देतो.

गाविलगडची चीर ही अशीच चाकोरी आहे. २००८ सालीं अनुपम चट्टोपाध्याय व त्यांचे सहकारी यांनीं या चिरेच्या पूर्व भागाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत मायलोनाइटाबरोबरच त्यांनीं दुसऱ्या एका वस्तूचें वर्णन केलें आहे: खडकांत शिरलेल्या कांचेसारख्या काळ्या शिरा. दक्षिण आफ्रिकेंतील पॅरिस या गांवाजवळ अशा शिरा पाहून शँड यानें १९१६ सालीं त्यांस 'स्यूडोटॅकिलाइट' असें लांबलचक नांव दिलें. विभंगांत सांपडणाऱ्या अशा शिरा म्हणजे भूकंपाचे ठसेच. चिरेच्या दोन बाजू क्षणार्धांत एकमेकींवर घासल्या जातात, घर्षणानें खडक वितळतो, आणि लगेच थिजतो. आपल्या चिरेंत या शिरा एकाच खोलीवर झालेल्या नाहींत. कांहीं जेथें खडक अर्धवट मऊ होता अशा खोलीवर, मायलोनाइटाच्या संगतींत झाल्या आहेत. कांहीं पुढें, तोच खडक वर येऊन थंड व ठिसूळ झाल्यावर. म्हणजे लाव्हा पसरण्याच्या कित्येक कोटि वर्षें आधीं ही रेघ पडलेली होती. ती एकदां मळली गेली, मग पुनः पुनः फुटली. नंतर काळ्या कातळानें तिला झांकून टाकलें, आणि त्यानंतर ती पुन्हां हालली. कारण काळा कातळच तिच्यावर तुटून गाविलगडची भिंत उभी राहिली आहे. चिखलदऱ्याच्या कड्यावरून आपण जी दरी पाहतों ती या शेवटच्या हालचालीची.

येथपर्यंतचा इतिहास नीटनेटका दिसतो: वर ठिसूळ, खालीं मऊ. पण सातपुड्यानें हा नीटनेटकेपणा दोनदां मोडला. १४ मार्च १९३८ रोजीं खानदेशाच्या उत्तरेस सातपुड्यांत सुमारें सव्वासहा प्रतीचा भूकंप झाला. त्याची खोली सुमारें चाळीस किलोमीटर धरली जाते. २२ मे १९९७ रोजीं पहांटे जबलपुरास ५.८ प्रतीचा धक्का बसला. त्याचें केंद्र सुमारें छत्तीस किलोमीटर खोल होतें. एवढ्या खोलीवर, जवळ जवळ भूकवचाच्या तळाशीं, खडक सरकावा कीं फुटावा? तो फुटला. याचें उत्तर पुन्हां पाण्यांतच शोधावें लागतें, म्हणजे पाण्याच्या अभावांत. भूकवचाच्या तळाशीं जुने खडक एकदां अतिशय तापून निर्जळ झालेले असतात. ते तापलेले असूनहि ताठ राहतात, ताण सांठवितात, आणि शेवटीं तुटतात.

नॉर्वेंत बर्गनजवळ होल्सनॉय बेटावर असा एके काळीं फार खोल असलेला खडक आज उघडा पडलेला आहे. होकॉन ऑस्ट्रहाइम यानें १९८७ सालीं दाखविलें कीं तेथें कोरडा, ताठ खडक फक्त चिरांच्या कडेनेंच पालटलेला आहे. कारण चिरांतून पाणी आंत शिरलें. पुढें त्या चिरांत तशाच कांचेच्या शिरा सांपडल्या. क्रम उलगडला: आधीं भूकंपानें खडक तुटतो, तुटीतून पाणी शिरतें, पाण्यानें नवीं खनिजें व बारीक दाणे होतात, आणि जो खडक कालपर्यंत ताठ होता तो मग वाहूं लागतो. बळकट खडकाचें दुर्बल होणें पुष्कळदां त्याच्या तुटण्यापासून सुरू होतें. नॉर्वेचा निष्कर्ष सातपुड्यास जसाच्या तसा चिकटवणें घाईचें होईल. तथापि खोल, कोरडा आणि ताठ खडक भूकंप घडवूं शकतो, याचे दोन दाखले आपल्याच डोंगराच्या कुशींत घडले आहेत.

हें सर्व केवळ पंडितांच्या कुतूहलाचें नाहीं. दख्खनचें पठार हा पृथ्वीचा स्थिर भाग, येथें भूकंपाचें भय नाहीं, असें आमच्या पिढीच्या क्रमिक पुस्तकांत छापलेलें असे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे कोयनेनें तें वाक्य पुसलें, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीनें सुमारें दहा हजार माणसें घेऊन तें पुन्हां पुसलें. किल्लारीस नंतर विंधन केलें तेव्हां ३३८ मीटरांखालीं काळा कातळ संपला, आणि थोड्याशा गाळाच्या थराखालीं तोच जुना पाया लागला. कोयनेच्या भागांत गोठणें येथें २०१७ सालापर्यंत तीन किलोमीटर खोल छिद्र पाडण्यांत आलें. तेथें काळा कातळ सव्वा किलोमीटर, आणि त्याखालीं ग्रॅनाइट व नाईस. कोयनेंत धरणाच्या जलाशयाचें पाणी जुन्या चिरांत उतरून त्यांस ढिलें करतें, असें मानलें जातें. खोल भूगर्भांत पाणी जें करतें त्याहून हें काम निराळें आहे. येथें तें चिरेच्या दोन बाजूंस एकमेकींपासून किंचित् उचलून धरतें. पण पात्र तेंच.

किल्लारीस माणसें मेलीं तीं खडक तुटल्यामुळें नव्हे, तर मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरचीं मातीचीं जड छपरें कोसळल्यामुळें. आपल्याकडचीं धाब्याचीं घरें याच जातीचीं आहेत. मेळघाटांत धारणी तालुक्यांतील साद्राबाडी येथें २०१८ च्या ऑगस्टमध्यें लहान लहान धक्के बसूं लागले आणि भूमींतून आवाज येऊं लागले, तेव्हां लोक भयभीत झाले, तें साहजिक होतें. डोंगर फुटून लाव्हा येणार अशी भीति अशा वेळीं कोणी घातली तर ती मनांतून काढून टाकावी. साडेसहा कोटि वर्षांपूर्वींचा तो कारखाना केव्हांच बंद पडला आहे. पण भिंतींत आरपार जाणारे लांब दगड घालणें, दाराच्या चौकटीवर सर्व भिंतींस बांधणारा पट्टा ओढणें, आणि छपरावर वर्षानुवर्षें माती न चढवणें, हीं कामें पायथ्याच्या गांवांनीं करावयाचीं आहेत, आणि तीं गवंड्यास सांगून होण्याजोगीं आहेत.

सालबर्डीस ऊन पाण्याचा झरा आहे. असें पाणी पावसाचेंच असतें; तें खडकांच्या चिरांतून खोल उतरतें, तापतें, आणि दुसऱ्या चिरेनें वर येतें. महाशिवरात्रीच्या सुमारास माडू नदीचें पाणी कमी झालेलें असतें, आणि पात्रांतले खडक उघडे पडतात. देवदर्शन झाल्यावर मुलांस तेथें घेऊन जावें, आणि काळा कातळ सोडून जो फिकट, पट्ट्यापट्ट्यांचा दगड दिसेल त्यावर हात फिरवून पाहावयास सांगावें. तो वऱ्हाडचा खरा पाया आहे.